अपमानाच्या जागा दाखवाव्या काय?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही आमच्या भागांतील खेड्यांच्या मंडळ्यांस भेटी देत फिरत असतां एका गांवीं एक वाद आमच्यापुढें आला. वाद पैशाचा नव्हता, जमिनीचाही नव्हता. तो एका ओट्याचा होता. गांवची जुनी शाळा पाडून तेथें नवी इमारत उभी राहिली आहे. जुन्या शाळेचें सर्व कांहीं गेलें. पूर्वेकडील दगडी ओटा तेवढा अद्याप तसाच आहे. स्वातंत्र्याच्या आधीं आपल्या लोकांचीं मुलें ह्याच ओट्यावर बसत. गुरुजी आंत शिकवीत, आणि खिडकींतून जें कांहीं ऐकूं येई तेवढें ह्या मुलांचें शिक्षण. पाटी तपासावयाची झाली म्हणजे ती खालीं ठेवून मुलानें मागें सरावें, मग गुरुजींनीं पाहावी, असा नियम होता. आतां ठेकेदार ओटा काढावयास आला आहे. मंडळींतील तरुण म्हणतात, काढूं नये. उलट तेथें एक शिला बसवून काय घडलें तें लिहावें. वडील मंडळी म्हणतात, काढाच, आणि लवकर काढा.

एका वडिलांनीं लोटाच्या बायकोचा दाखला दिला. जें सोडून आलों तिकडे वळून पाहणाऱ्याचें काय होतें तें शास्त्रांत लिहिलेलें आहे, असें ते म्हणाले. लागलीच एका तरुणानें यहोशवाच्या बारा दगडांचा दाखला दिला. यार्देन उतरल्यावर ते दगड रचिले ते पुढें मुलांनीं विचारावें म्हणूनच ना? दोन्ही दाखले खरे, आणि दोन्ही एकाच शास्त्रांतले. मग सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. "पाळकसाहेब, तुम्ही सांगा."

आम्हीं त्या दिवशीं कांहीं सांगितलें नाहीं. चहा घेतला, प्रार्थना केली आणि पुढच्या गांवीं गेलों. परंतु वाटेनें आमच्या मनांत एक दूरचें शहर सारखें येत होतें. तें शहर आम्हीं पायीं फिरून पाहिलेलें आहे, आणि ह्याच प्रश्नावर तेथें आमची चांगलीच फजिती झाली होती. ती हकीकत आज लिहितों.

दोन वर्षांपूर्वीं एका ख्रिस्ती परिषदेच्या निमित्तानें आमचें अमेरिकेस जाणें झालें. परिषद आटोपल्यावर यजमानांनीं आम्हांस अलाबामा संस्थानांतील मॉंटगॉमेरी ह्या शहरीं नेलें आणि वाट दाखविणाऱ्या एका बाईच्या स्वाधीन केलें. तेथील कृष्णवर्णी लोकांनीं आपल्या हक्कांसाठीं जो झगडा केला त्याच्या जागा पाहुण्यांस हिंडून दाखविणें हा ह्या बाईंचा उद्योग. सत्तरी उलटलेली, हातांत छत्री, चालणें सावकाश. ह्या कामाचे पैसे घेतले जातात हें ऐकून प्रथम आमच्या मनास बरें वाटलें नाहीं. आपल्या आईबापांचे हाल दर माणशीं अमुक डॉलर घेऊन दाखवावयाचे, हें काय? ही शंका मनांत ठेवूनच आम्ही निघालों.

प्रथम तिनें आम्हांस एका चौकांत उभें केलें. मध्यें १८८५ सालचें एक सुंदर कारंजें आहे. ह्याच चौकांत पूर्वीं माणसांचा लिलाव होई. नदीकांठीं उतरविलेल्या गुलामांस ज्या रस्त्यानें चालवीत आणीत त्याचें नांव अद्याप व्यापाराचा रस्ता असेंच आहे. चौकाच्या कोपऱ्यावरील एका इमारतींतून १८६१ च्या एप्रिलांत तोफा डागण्याची तार गेली आणि गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धास तोंड लागलें. युद्ध संपून १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. पण बंद झाली ती खरेदीविक्री. शाळा निराळ्या, पाण्याचे नळ निराळे, गाडींतील बाकें निराळीं, हें पुढें कायदे करून पक्कें केलें गेलें. मग ह्याच चौकांत १ डिसेंबर १९५५ रोजीं संध्याकाळीं रोझा पार्क्स ह्या ४२ वर्षांच्या बाई, एका दुकानांतील शिवणकाम आटोपून, घरीं जाण्यासाठीं बसमध्यें चढल्या. गोऱ्या उतारूस जागा करून देण्यासाठीं उठण्याचा हुकूम झाला तो त्यांनीं मानिला नाहीं. त्यांस अटक झाली. दहा डॉलर दंड व चार डॉलर कोर्टाचा खर्च असा निकाल झाला.

लिलाव, युद्धाची तार आणि ती बस, तिन्ही गोष्टी एकाच चौकांतल्या. आम्हीं ह्या तिन्ही पुस्तकांत वाचिल्या होत्या. पण त्यांच्यामध्यें केवळ थोड्या पावलांचें अंतर आहे हें पुस्तकानें आम्हांस कधींच सांगितलें नव्हतें. पापाची जागा व सुटकेची जागा निरनिराळ्या असाव्या असें आपणांस उगीच वाटत असतें.

पुढील गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. शहरांतील कृष्णवर्णी लोकांनीं बसमध्यें बसणेंच सोडिलें. एक दिवस नव्हे, महिना नव्हे, ३८१ दिवस. कोणी पायीं जात, कोणी एकमेकांच्या मोटारींतून. आमच्या वाटाड्या बाईंची आई गोऱ्यांच्या घरीं स्वयंपाक करी. ती रोज पहांटे निघे, आणि ही तेव्हां पांच वर्षांची मुलगी दारांत बसून तिची वाट पाही. "माझ्या आईनें हें मला कधींही सांगितलें नाहीं," ती म्हणाली. "मला हें दुसऱ्यांकडून कळलें." पैशाविषयींची आमची शंका आम्हीं येथेंच, जरा भीत भीत, बोलून दाखविली. ती रागावली नाहीं. तिनें जॉर्जिया गिलमोर ह्या बाईंची गोष्ट सांगितली. ह्या स्वयंपाकीण बाई. त्यांनीं बायकांचा एक गट जमविला. त्या घरोघरीं रोट्या, मांसाचे पदार्थ, गोड वड्या करून विकीत आणि तो पैसा त्या मोटारींच्या तेलासाठीं सभेंत आणून देत. पैसा कोठून आला असें कोणीं विचारिल्यास, कोठूनच नाहीं, असें सांगावयाचें. म्हणून त्या गटाचें नांवही तसेंच पडलें. हक्काची चळवळ भाकरीच्या पैशावर चालली, मग तिची आठवण भाकरीच्या पैशावर कां चालूं नये, असा तिचा रोख होता. आमच्या गांवोगांवच्या बायका मूठमूठ धान्य काढून मंडळीचा खर्च भागवितात. त्यांना हा हिशेब आमच्याआधीं समजला असता.

डेक्स्टर रस्त्यावरचें विटांचें उपासनामंदिर आम्हीं पाहिलें. तेथें १९५४ सालीं मार्टिन ल्यूथर किंग हे पंचविशींतले पाळक म्हणून आले. मंदिराच्या पायऱ्यांवरून सरळ वर दिसतें तें त्या संस्थानाचें सभागृह, पांढरें व घुमटाचें. गुलामगिरी राखण्यासाठीं फुटून निघालेल्या संस्थानांच्या अध्यक्षानें १८६१ सालीं जेथें शपथ घेतली त्या फरशीवर पितळेचा एक तारा बसविलेला आहे. आणि मतांच्या हक्कासाठीं सेल्मा गांवाहून ५४ मैल चालत आलेले लोक २५ मार्च १९६५ रोजीं त्याच पायऱ्यांखालीं रस्त्यावर उभे राहिले. बसचें स्थानक पाहिलें. १९६१ च्या मे महिन्यांत तेथें प्रवाशांस रंगावरून मारहाण झाली. ह्या जागा आम्हीं पाहिल्या इतकेंच म्हणतों; त्यांविषयीं जास्त लिहिण्यासारखें आमच्याजवळ नाहीं.

पण पाळकाच्या घराविषयीं लिहिलेंच पाहिजे. साधें लांकडी घर, पुढें पडवी. ३० जानेवारी १९५६ च्या रात्रीं किंग सभेस गेले असतां ह्या पडवीवर बॉंब टाकिला गेला. आंत त्यांची पत्नी व दहा आठवड्यांची मुलगी होती, दोघी वांचल्या. थोड्याच वेळांत दारापुढें लोक जमले, कित्येकांच्या हातीं हत्यारें होतीं. किंग धांवत आले आणि त्याच फुटक्या पडवीवर उभें राहून त्यांनीं लोकांस हत्यारें घरीं नेऊन ठेवावयास सांगितलें. पडवीच्या सिमेंटांत तो खड्डा अद्याप आहे. तो बुजविलेला नाहीं. आम्हीं वांकून त्यांत बोटें घातलीं. आंत स्वयंपाकघरांत एक टेबल आहे. त्याच्यापाशीं बसून, त्या स्फोटाच्या दोनतीन दिवस आधीं, धमकीचा टेलिफोन आल्यावर मध्यरात्रीं किंग ह्यांनीं आपलें भय देवापुढें मांडिलें होतें. आमच्या घराच्या पडवीवर आजवर कोणीं खडाही मारिलेला नाहीं. इतके दिवस आम्ही ही देवाची कृपा समजत होतों. तेथें उभें असतां असें वाटलें कीं, कोणास खडा उचलावासा वाटेल असें आम्ही कधीं कांहीं बोललोंच नाहीं, हेंही कारण असूं शकेल.

त्या शहरांतील बहुतेक गोऱ्या मंडळ्या त्या वेळीं अलिप्त राहिल्या. त्यांतून रॉबर्ट ग्रेट्झ ह्या एका गोऱ्या ल्यूथरी पाळकानें उघड साथ दिली, तर त्याच्याही घरावर बॉंब पडला. वाटाड्या बाई हें सांगतांना गोऱ्यांस शिव्या देत नव्हती, आणि आपल्या लोकांस झांकीतही नव्हती. कारण पुढें तिनें जें सांगितलें तें तिला सहज गाळतां आलें असतें. रोझा पार्क्स ह्यांच्या नऊ महिने आधीं, २ मार्च १९५५ रोजीं, क्लॉडेट कॉल्व्हिन ह्या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीनेंही असेंच उठण्याचें नाकारिलें होतें. पोलिसांनीं तिला ओढून नेलें. पण मुलगी लहान, घर गरिबीचें, पुढें लग्नावांचून दिवस गेलेले; पुढाऱ्यांस ती चळवळीपुढें उभी करण्याजोगी वाटली नाहीं. तिला मागें ठेविलें. आणि गंमत अशी कीं, ज्या दाव्यानें १९५६ सालीं बसमधील भेद खरोखर मोडला त्या दाव्यांतील चार बायकांपैकीं एक हीच मुलगी. तिच्यावरील जुना ठपका कोर्टानें पुसला तो २०२१ सालीं. "हेंही आमचेंच आहे," बाई म्हणाली, आणि छत्री दुसऱ्या हातांत घेऊन पुढें चालूं लागली.

शेवटीं तिनें आम्हांस एका टेकडीवर नेलें. जमावानें कायद्यावांचून ठार केलेल्या कृष्णवर्णी लोकांचें तेथें स्मारक आहे. तें २६ एप्रिल २०१८ रोजीं उघडलें. गंजल्या रंगाचे आठशेंहून अधिक पोलादी ठोकळे, एकेका परगण्याचा एकेक, आणि त्यांवर १८७७ ते १९५० ह्या काळांतील ४,४०० हून अधिक बळी. कित्येक ठिकाणीं नांव नाहीं. नांव ठाऊक नसलेला, इतकेंच कोरलेलें. आरंभीं हे ठोकळे माणसाच्या उंचीचे, समोरासमोर असतात. पुढें जावें तसतशी जमीन खालीं उतरते, ठोकळे जागच्या जागीं राहतात, आणि अखेरीस ते डोक्यावर टांगलेले दिसतात. कोणीं समजावून द्यावें लागत नाहीं. बाहेर अंगणांत ह्याच ठोकळ्यांच्या दुसऱ्या प्रती आडव्या मांडून ठेविल्या आहेत. प्रत्येक परगण्यानें येऊन आपली प्रत मागावी आणि आपल्या गांवीं उभी करावी, अशी ती योजना. म्हणजे तेथें मेलेल्यांची आठवण मारणाऱ्यांच्या नातवांनीं आपण होऊन घरीं न्यावयाची आहे. आम्ही त्या रांगांतून बराच वेळ फिरलों. प्रेतें ओळखण्यास बोलाविलें असावें तसें वाटत होतें.

येथेंच, एका बांकावर विसांवा घेत असतां, बाईनें आम्हांस विचारलें: "तुमच्या देशांत अशी वाट आहे काय? पाहुणा आला तर तुम्ही त्याला कोठें नेतां?"

वाचकहो, आमच्याजवळ उत्तर पुष्कळ होतें. जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांस मुक्त करण्यासाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांसच अर्पण केला, हें आम्हीं सांगूं शकलों असतों. १९५९ सालीं किंग हिंदुस्थानांत आले असतां केरळांतील एका शाळेंत अस्पृश्यांच्या मुलांपुढें त्यांची ओळख, हेही अमेरिकेचे अस्पृश्यच, अशी करून दिली गेली; आधीं त्यांस धक्का बसला, मग तें खरें आहे असें पटलें, असें त्यांनींच पुढें एका उपदेशांत सांगितलें आहे. तेंही आम्हांस ठाऊक होतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हजारों लोकांसह महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें, हें आमच्या शाळेंतलें मूलही सांगेल. पण आम्ही काय बोललों? आमच्या देशांत १९५० सालच्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता बंद झाली, असें आम्हीं ऐटींत सांगितलें आणि विषय संपविला. ती बाई कांहीं वेळ आमच्याकडे पाहत राहिली. "आमच्याकडेही कायद्यानें पुष्कळ बंद झालें," एवढेंच ती म्हणाली.

आम्हीं खोटें सांगितलें नव्हतें. पण त्या खऱ्याच्या आड आम्ही लपलों होतों. समुद्र ओलांडून परक्यांच्या अपमानाच्या जागा पाहावयास आम्ही गेलों. महाडास आम्ही तोंवर एकदांही गेलों नव्हतों. आमचे आजे अशाच एका ओट्यावर बसून बाराखडी शिकले हें आम्हांस ठाऊक आहे, पण तें आमच्या आजींकडून. आज्यांच्या तोंडून तें कधीं निघालें नाहीं, वडिलांनीं तर तो विषयच वर्ज्य केला होता. आम्हांस वाटे, ही विनयशीलता. आतां वाटतें, ती लाज होती. आणि लाज वाटावयाची ती ओट्यावर बसणाऱ्यास नव्हे, बसविणाऱ्यास. ती चुकीच्या घरीं येऊन राहिली आहे.

आणखी एक गोष्ट आम्हीं त्या बांकावर लपविली, ती लिहिण्यास हात अडखळतो. आमच्या एका मंडळींत दोन निरनिराळ्या जातींतून आलेलीं घराणीं आहेत. चौथी पिढी एकाच बांकांवर बसून एकाच प्याल्यांतून प्रभुभोजन घेत आहे. पण सोयरिकीची वेळ आली कीं बांकें निराळीं होतात, आणि दफनभूमींतही कोणीं न आंखलेली एक रेघ आहे. ती ओलांडून कोणी कबर खणीत नाहीं. आम्ही तेथें उपदेश करितों, लग्नें लावितों, माती देतों, आणि ती रेघ ओलांडा असें आम्हीं एकदांही म्हटलेलें नाहीं. हा आमच्या परगण्याचा ठोकळा आहे, आणि तो आम्हीं अंगणांतच पडूं दिला आहे.

तेव्हां ओट्याविषयीं आमचें मत काय? ओटा राखावा, असेंच आमचें मत आहे. लोटाच्या बायकोनें मागें पाहिलें तें सोडलेल्या घरादाराच्या ओढीनें. ओट्याची ओढ कोणास आहे? वैर वाढेल असें जे म्हणतात त्यांचें म्हणणें मात्र आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. जखम दाखवून लोकांस चिथावणारे पुढारी आम्हींही पाहिले आहेत, आणि दुसऱ्यांचेंच तेवढें पाप लिहिलेली शिला वैराशिवाय कांहीं पिकवीत नाहीं. त्या बाईंच्या बोलण्यांत वैर नव्हतें ह्याचें कारण तिनें कॉल्व्हिनची गोष्ट गाळिली नाहीं. आपला ओटा दाखवावयाचा असेल तर आपली दफनभूमीही दाखवावी लागेल; त्याच शिलेवर नसली तरी त्याच दिवशीं.

पण हें मत ठरवून आम्ही त्या गांवीं परत गेलों तेव्हां एक अडचण उभी राहिली ती आमच्या ध्यानींमनीं नव्हती. त्या ओट्यावर प्रत्यक्ष बसलेल्यांपैकीं आतां एकच गृहस्थ हयात आहेत. वय अठ्ठ्याऐशीं, दृष्टि अधू. सभेंत ते बोललेच नव्हते. आम्ही त्यांच्या घरीं गेलों. ते म्हणाले, "पाळकसाहेब, नातवंडांनीं मला खुर्चीवर बसलेला पाहिला आहे. त्यांनीं मला तेथें बसलेला पाहूं नये असें मला वाटतें." ह्यावर आम्हीं काय बोलावें? यहोशवाचे दगड आम्हांस आठवेनात. ज्यानें सोसलें त्याच्याहून त्या दगडावर आमचा किंवा त्या तरुणांचा अधिकार मोठा कसा? मॉंटगॉमेरीच्या त्या बाईची आई ३८१ दिवस चालली आणि मुलीस कांहीं बोलली नाहीं. तिला कोणीं विचारलें असतें तर तिनें आपल्या चालण्याच्या वाटेवर पाहुणे आणूं दिले असते काय, हें आम्हीं त्या बाईस विचारावयास हवें होतें. आम्हीं म्हाताऱ्यांस इतकेंच सांगितलें कीं, तुमच्या हयातींत तुमच्या मनाविरुद्ध तेथें एक अक्षर कोरलें जाणार नाहीं. ठेकेदारासही आम्हीं थांबावयास सांगितलें आहे.

त्यानंतर दीड महिन्यानें त्यांचा नातू आमच्याकडे निरोप घेऊन आला. निरोप असा: शिला लावावयाची असेल तर लावा, पण एक गोष्ट लिहिल्यावांचून लावूं नका. आंत बसणारा वरच्या आळीचा एक मुलगा रोज मधल्या सुट्टींत खिडकींतून आपली पाटी बाहेर सरकवी, म्हणजे आंत फळ्यावर काय लिहिलें आहे तें बाहेरच्यांस उतरून घेतां येई. एकदां तो पकडला गेला आणि त्यानें मार खाल्ला. दुसऱ्या दिवशीं त्यानें पुन्हां पाटी सरकविली. त्या मुलाचें नांव म्हाताऱ्यांनीं नातवाकडून कागदावर लिहून पाठविलें होतें. तो मुलगा केव्हांच वारला आहे. त्याचीं नातवंडें त्याच गांवीं राहतात, आणि त्यांस ह्यांतलें कांहीं ठाऊक नाहीं. सुगी आटोपल्यावर पहिल्या रविवारीं मंडळीची सभा आहे. तिच्या आधीं आम्ही तो कागद घेऊन त्यांच्या घरीं जाणार आहों.